बिनशिवणीची पिशवी

३ मार्च, सोमवार

सोललं! अंडं सोललं — न फोडता, न उकडता. शनिवारपासून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं होतं. आज नळाखाली धरून अंगठ्याने हलकेच चोळलं, तर कवचाचा चुना फेसासारखा निघून गेला आणि हातात उरलं नुसतं पातळ कातडं, आत डुचमळणारं सगळं अंडं. खिडकीशी धरलं तर आतला बलक या बाजूचा त्या बाजूला गेला. इतकी वर्षं नववीच्या फळ्यावर लिहितेय — "प्रद्रव्यपटल हे निवडक्षम पारपटल असते." पोरं उतरवून घेतात, मी पुसते. हातात कधी घेऊन पाहिलं नव्हतं! खरं तर हे पेशीचं पटल नव्हेच, कवचाखालचा पापुद्रा. पण वागतं तसंच, पाण्याला सोडतं आणि बाकी बऱ्याच जणांना अडवतं.

बाबांना दाखवलं. सगळं आयुष्य कोट शिवण्यात गेलेला माणूस. दुकान बंद केलं, पण मशीन घरी आणलं आणि खिडकीखाली मांडलं. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, अंडं सगळीकडून फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "याची शिवण कुठाय?"

शिवणच नाही, बाबा.

"मग माल आत भरला कसा?"

शाबास! आजवर एकाही पोराने हे विचारलेलं नाही. मलाही नीट सांगता आलं नाही. म्हटलं, जिवंत पेशीत जे काही आत-बाहेर जातं ते त्या कातड्यातूनच जातं. बारीक बारीक वाटा असतात, कुणाला सोडतात, कुणाला नाही. बाबा बराच वेळ अंड्याकडे बघत राहिले. मला इतका आनंद झाला!

पाच मिनिटांनी पुन्हा — "याची शिवण कुठाय?" तोच चेहरा, तेच कुतूहल. चहाच्या वेळी आणखी एकदा. तिन्ही वेळा हसून उत्तर दिलं. तिसऱ्यांदा हसू ओढूनताणून आणावं लागलं.

४ मार्च, मंगळवार

अंडं साखरेच्या दाट पाकात ठेवलं. संध्याकाळपर्यंत पार सुरकुतलं. पाणी बाहेर पळालं, साखर दारातच! उद्या साध्या पाण्यात टाकून बघते.

६ मार्च, गुरुवार

साध्या पाण्यात पुन्हा टम्म फुगलं. वर्गात नेलं तर पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. शेजारच्या वर्गातून मुख्याध्यापिकाबाई डोकावल्या आणि स्वतःच पुढे येऊन अंड्याला बोट लावून गेल्या.

घरी आले तर बाबा मशीनपाशी गप्प. समोर शेजारच्या काकांचा राखाडी कोट. गेले दोन आठवडे त्याच्यावर काम चाललं होतं. म्हटलं, झाला का? त्यांनी उचलून दाखवला. दोन्ही बाह्या डाव्या!

आधी बाबाच हसले. "म्हातारा काय दोन डाव्या हातांचा आहे की काय," म्हणाले. मीही हसले. मग त्यांनी कोट मांडीवर घेतला, एक बाही उसवायला घेतली, आणि थोड्या वेळाने पाहिलं तर तीच बाही तशीच परत लावत होते. हसू कुठल्या कुठे गेलं. बाबांच्या हाताला असं होत नाही. तापात असताना कापलेला त्यांचा कोटसुद्धा कधी दुरुस्तीला परत आलेला नाही.

महिनाभर हे वाढतंच चाललंय. वार चुकतो. जेवल्यावर विचारतात, जेवायचं कधी? परवा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायला रस्ता सापडेना, पोस्टमन घेऊन आला. मी दादाला हे सांगितलेलं नाही. कात्री मात्र आज कपाटात ठेवली. त्यांनी विचारली तर काय सांगू?

८ मार्च, शनिवार

दादाचा फोन. शेजारच्या काकूंनी वहिनीला सगळं सांगितलेलं! कोट, पोस्टमन, सगळं. "तू मला का नाही बोललीस?" 

मग तो मुद्द्यावर आला. टेकडीवर म्हाताऱ्या माणसांची संस्था आहे, नर्स असतात, डॉक्टर येतात. त्याने चौकशी केलीय, एक खोली रिकामी होतेय. बावीस तारखेला तो येणार, बाबांना बघणार आणि ठरवणार. "तू दिवसभर शाळेत. त्यांनी गॅस चालू ठेवला तर? उद्या काही झालं तर कोण जबाबदार?"

मी म्हटलं, मी जबाबदार! आतापर्यंत कोण होतं? माझा तिळपापड झाला होता.  बाबा नसलेलं हे घर मला डोळ्यांपुढे आणता येत नाही. मी लग्न केलं नाही. त्याचं कारण बाबा नव्हेत, पण लोकांना ते कारण सोयीचं वाटतं. मलाही.

माझ्याएवढं त्यांचं कोण करणार तिथे? डिसेंबरात ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा डॉक्टरांनी लघवी साफ होणारी गोळी दिली आणि म्हणाले, मीठ जरा हात राखून, आणि पाणी चांगलं प्या, मागे खडा झाला होता ना. "जरा" वगैरे मला जमत नाही. करायचं तर पुरतं! मिठाची बरणी सगळ्यात वरच्या फळीवर गेली. तेव्हापासून या घरात भात अळणी, भाजी अळणी, पावही बिनमिठाचा, बेकरीवाल्याला मुद्दाम सांगून घेतलेला. पाण्याच्या मोठ्या बाटलीवर नेलपॉलिशने खुणा केल्यात — न्याहारीपर्यंत इथवर, जेवणापर्यंत इथवर. मी शाळेतून येईपर्यंत बाटली रिकामी हवी. बाबा हुकमाचे ताबेदार. एक थेंब ठेवत नाहीत. संस्थेत कुणी इतकं हात धुऊन मागे लागेल का?

११ मार्च, मंगळवार

आज बटाटा. दोन बश्या, दोन चकत्या. एकीत साधं पाणी, दुसरीत खारट. तासाभरात साध्या पाण्यातली कडक, मारली तर टणटण वाजेल अशी! खाऱ्यातली मऊ, बोटाभोवती गुंडाळता येते. पाणी नेहमी खाऱ्याच्या बाजूला धावतं — एवढंच कळलं तरी धडा कळला, असं पोरांना म्हटलं.

घरी येताना डोक्यात एक किडा शिरला. बटाट्याची चकती साध्या पाण्यात फुगते, मग आपण का नाही फुगत? एवढं पाणी पितो! ग्रंथालयातून जाडं पुस्तक आणलं आणि वाचतच बसले. आपली प्रत्येक पेशी म्हणे सारखी काम करत असते. तिच्या कातड्यात पंप असतात. सोडियम सारखं आत घुसत असतं आणि पंप ते सारखं बाहेर फेकत असतात, बदल्यात पोटॅशियम आत घेतात. खाल्लेल्या अन्नाचा केवढा तरी वाटा निव्वळ या फेकाफेकीत जातो! नुसतं स्वस्थ पडलेलं असतानाही. आणि पाण्याला वेगळी दारं आहेत — त्यांतून फक्त पाणी, एका रांगेत, कणामागून कण. मीठ आलं तरी त्याला वाट नाही. मी हे कधी शिकवलंच नाही. मला माहीतच नव्हतं, शिकवणार कुठून? "निवडक्षम" म्हणून मोकळी झाले.

रक्तातलं मीठ आणि पाणी यांचा मेळ मूत्रपिंडं राखतात, हेही त्यात आलं. उद्या पुढचं वाचेन.

बाबांचं डोकं दुखतंय. मळमळतंय म्हणाले, जेवले नाहीत. न्हाणीघराच्या दारात तोल गेला, मी होते म्हणून बरं. उन्हाचा त्रास असावा. बाटलीत आणखी दोन पेले पाणी घातलं.

१३ मार्च, गुरुवार

आज लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

शाळेतून आले तर बाबा गळ्यात टेप घालून उभे. मला बघून मान लववली. "या, बाईसाहेब. बरेच दिवसांनी?" मला वाटलं, थट्टा. त्यांनी माझे खांदे मापले. इतक्या हलक्या हाताने, इतक्या अदबीने! मग विचारलं, "कोट कधी हवाय आपल्याला?"

मी म्हटलं, बाबा, मी आहे.

"हो हो, पण कधी हवाय?"

काय बोलणार? म्हटलं, सावकाश द्या, घाई नाही. त्यांनी मान डोलावली आणि माप हवेतच कुणाला तरी सांगितलं — दुकानात असताना मदतनिसाला सांगायचे तसं. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले. माझ्या जन्मात मला इतकं परकं कुणी केलेलं नाही. त्यात राग कुणावर काढायचा तेही कळेना.

मग त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. आमचे नेहमीचे डॉक्टर भले आहेत, पण बाहेर गर्दी होती. प्रेशर पाहिलं. प्रेशर उत्तम! "वय झालं हो. मेंदू थकतो. मेंदूच्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो, पुढच्या महिन्यात वेळ मिळेल." पुढचा महिना! दादा बावीस तारखेला येतोय.

१५ मार्च, शनिवार

दुपार. मोठ्या इस्पितळाच्या बाकावर बसून हे लिहितेय, पेन्सिलने. 

सकाळी शिक्षकांच्या खोलीत नववीचे पेपर तपासत होते. शेजारी खेळाचे सर, ज्यांना सगळी शाळा 'शिट्टी' म्हणते. शिट्टींना बोलायला कुणी लागत नाही, स्वतःच सुरू होतात. तरुणपणी ते लांबच्या धावण्याच्या शर्यतीत पाणी वाटायच्या कामावर होते, ती गोष्ट. आम्ही ती दहादा ऐकलीय. पण आज शेपूट नवं होतं — "एक धावपटू होता, अंगाने हा असा! प्रत्येक टेबलापाशी पाणी प्यायचा. प्या म्हणून सांगितलं होतं ना! शर्यत संपवली आणि बडबडायला लागला. मला म्हणतो, आत्या, तू इथं कशी? मी आत्या! झोकांड्या जातायत, ओकतोय. आम्हाला वाटलं ऊन लागलं, म्हणून आणखी पाणी पाजतोय. तेवढ्यात डॉक्टर धावत आले आणि माझ्या हातातला ग्लासच उडवला! म्हणे मारताय का त्याला? रक्तातलं मीठ पातळ झालंय, मेंदू फुगलाय!"

सगळे हसले, आत्यावर. मी समोरच्या पेपरात बघत होते. 'पेशी तिच्या आतल्यापेक्षा पातळ द्रावणात ठेवल्यास काय होईल?' कुणीतरी गिचमिड अक्षरात लिहिलं होतं — पाणी आत शिरेल व पेशी फुगेल. त्यावर माझी लाल खूण. दोन पैकी दोन.

मिठाची बरणी. गोळी. नेलपॉलिशच्या खुणा!

पेपर तसेच टाकले. मुख्याध्यापिकाबाईंना दारातूनच सांगितलं, चालले. घरी आले तर बाबा अंथरुणात, हाक मारली तर डोळे उघडत, पुन्हा मिटत. उशाशी बाटली. रिकामी, अगदी शेवटच्या खुणेपर्यंत. 

इथल्या तरुण डॉक्टरीणबाईंना सांगितलं, रक्तातलं सोडियम बघा, आधी तेच बघा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पण रक्त घेतलं. आकडा एकशे चौदा. असायला हवा एकशे पस्तीसच्या वर. त्यांचा चेहराच बदलला. एका हाकेत दोन नर्स आल्या आणि बाबांची खाट आत गेली.

१६ मार्च, रविवार

सलाइन लावलंय, नेहमीपेक्षा खारं, पण थेंब-थेंब. मला वाटलं होतं, मीठ कमी पडलंय ना, मग घाला की भराभर! डॉक्टरीणबाईंना तसं म्हटलंही. त्या थांबल्या आणि माझ्याशेजारी बसल्या.

"तुम्ही शिकवता ना? मग ऐका. हे एका दिवसात झालेलं नाही, हळूहळू झालंय. मेंदूच्या पेशी कवटीत कोंडलेल्या, फुगून जातील कुठे? मग त्या काय करतात, स्वतःच्या आतलं सामान बाहेर फेकतात. स्वतःचे क्षार, आणखीही बरंच काही. आतलं खारटपण कमी केलं की पाणी कमी शिरतं. अशा त्या इतके दिवस तगल्या. आता आपण बाहेरचं मीठ एकदम वाढवलं तर आतलं पाणी धावत बाहेर येईल आणि त्या चिपाड होतील. मग जी इजा होते ती कायमची. बोलणं जातं, हातपाय जातात. त्यांना सामान परत जमवायला वेळ द्यायचा."

 खरं सांगू? भीतीने अर्धमेली झाले होते आणि तरी वाटलं — केवढं विलक्षण आहे हे! घर बुडू नये म्हणून घरातलंच सामान फेकायचं! बाबांच्या डोक्यात महिनाभर हे चाललं होतं, आणि बाहेरून मी पेले भरत होते. विलक्षण वाटल्याबद्दल स्वतःची लाज वाटली. तरी वाटायचं काही थांबलं नाही.

"वाचतील ना?" विचारलं.

"वाचतील असं वाटतं. पूर्वीसारखे होतील का, ते चार दिवसांनी सांगते."

१७ मार्च, सोमवार

एकशे एकवीस. बाबा झोपूनच. हाताला हात लावला तर बोटं जराशी हलली.

१८ मार्च, मंगळवार

एकशे सव्वीस. हळूहळू, पण चाललंय वर.

बाकावर बसून जाडं पुस्तक वाचते. नर्सबाई म्हणाल्या, "परीक्षा आहे का तुमची?" होय म्हटलं. वाचता वाचता कळलं की पेशीत पाणी आत जायला काही कष्ट पडत नाहीत, ते आपोआप जातं. कष्ट पडतात ते बाहेर काढायला. ही ओळ तीनदा वाचली.

आज स्वतःला विचारलं, मी डॉक्टरांचं "जरा" ऐकलं होतं, मग "बंद" कुठून आणलं? उत्तर सोपं आहे. जरा केलं असतं तर दिसलं नसतं. बंद केलेलं दिसतं. कुणाला? बाबांना, दादाला, मलाच. हे लिहून बरं वाटत नाहीये, पण खरं आहे.

१९ मार्च, बुधवार

बोलले! सकाळी नर्सबाईंनी उकडलेलं अंडं भरवलं. बाबांनी एक घास चावला, तोंड वाकडं केलं आणि डोळे न उघडताच म्हणाले, "अळणी आहे."

मी हसले की रडले कोण जाणे, नर्सबाईंनी मला खुर्चीत बसवलं. मग बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, कॉलर पाहिली. "ही कॉलर कुणी शिवलीय? उलटी बसलीय." रेडिमेड आहे बाबा! "तरीच."

हे माझे बाबा. जीव भांड्यात पडला.

दुपारी वार विचारला, बरोबर सांगितला. शेजारच्या काकांच्या कोटाचं काय झालं, त्यांनीच विचारलं. सांगितलं, दोन्ही बाह्या डाव्या. त्यांनी कपाळाला हात लावला. "आणि तू लावू दिल्यास?"

२० मार्च, गुरुवार

घरी आणलं. ती गोळी बंद, दुसरी सुरू. मीठ थोडं. पाणी तहानेपुरतं. बाटलीवरच्या खुणा ॲसिटोनने पुसल्या. निघता निघत नव्हत्या.

दादाला फोन केला. सांगायचं की नाही, यावर सकाळपासून खल केला. शेवटी म्हटलं, वहिनीला काकूंकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे. सगळं सांगितलं. वेड नव्हतं, वयही नव्हतं. गोळी होती, आणि मी होते. मीठ मी बंद केलं. पाणी मी पाजलं.

दादाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आणि तू त्यांना सांभाळतेस." एवढंच. रागाने नाही, दमल्यासारखं. ते जास्त लागलं.

जे कारण सापडल्याने बाबांचं डोकं ठिकाणावर आलं, तेच माझ्याविरुद्ध दादाच्या हातात दिलं मी. आता बावीसला काय बोलणार? बोलायला तोंड आहे का मला?

२२ मार्च, शनिवार

दादा आला. वहिनीही. बाबांनी दारातच त्याला गाठलं — "पोट सुटलंय तुझं, पॅन्ट कुठे बांधतोस?" दादाने पट्टा वर ओढला. तो काय काय तयारी करून आला होता! नंतर तासभर तो बाबांना परीक्षेतल्या मुलासारखं विचारत होता आणि बाबा एकेका प्रश्नाला उत्तरं देत होते. दादाच्या पहिल्या साहेबांच्या कोटाच्या छातीचं मापसुद्धा सांगितलं.

तरीही संस्थेत वेळ ठरलेली, म्हणून तो म्हणाला, "नुसतं बघून येऊ, बाबा?" मी कडाडणार होते, तोच बाबा उठले. "चला की. बसून बसून कंटाळा आला." मी गेले नाही. त्यांच्यामागे घर धुऊन काढलं, तरी ते येईनात.

आले ते बगलेत गाठोडं घेऊन! आठ-नऊ पॅन्ट्स आणि दोन कोट. "तिथली सगळी माणसं कपड्यांत बुडालीयत," बाबा म्हणाले. "वयाने माणूस आकसतो आणि पॅन्ट तेवढीच राहते. एक जण एका हाताने कंबर धरून जेवत होता. बघवेना." मग माझ्याकडे वळले. "माझी कात्री कुठाय?"

कपाटातून काढून दिली. का ठेवली होती, ते त्यांनी विचारलं नाही.

२३ मार्च, रविवार

दादा निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "राहू दे त्यांना इथंच. मी संस्थेला नको म्हणून कळवतो." मग बॅग उचलता उचलता, "तू रक्त तपासायला लावलंस म्हणून ते आहेत. मला सुचलं नसतं." वहिनीने जवळ घेतलं. दादाच्या खांद्यावर डोकं टेकून रडले, लहानपणी रडायचे तशी.

राहिले! बाबा इथेच राहिले! दिवसभर मशीनचा आवाज ऐकत नुसती घरातून फिरत होते. भाजीत मीठ घातलं. चमच्याने नाही, चिमटीने. बाबांनी मागून आणखी चिमूटभर मागितलं. दिलं नाही. मग दिलं.

२५ मार्च, मंगळवार

पॅन्ट्स झाल्या. बाबांनी घडी घालून गाठोडं बांधलं आणि आज स्वतः दादाला फोन लावला. मी भांडी घासत होते, नळ बंद केला. "ती खोली गेली नसेल तर ठेव म्हणावं. मी जातोय. — नाही, नाही, ती काही बोलली नाही. माझं मीच ठरवलंय. मशीनसुद्धा नेणार."

ओल्या हाताने बाहेर आले. म्हटलं, का बाबा? माझं चुकलं म्हणून?

"नाही गं. तिथं मला काम आहे." खुर्ची ओढून मला बसवलं. "इथं मी तुझा बाप आहे, दिवसभर. तिथं शिंपी असेन."

आणि मी? — विचारलं.

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. त्या दिवशी मापं घेतली तसं नाही, बापाने बघावं तसं.

"तू तर बरी आहेस ना?"

मी ओले हात पुसले आणि गाठोडं उचलून दाराशी ठेवलं.